गिरण्यांचा धूर आणि मुळशीची जमीन

ताडदेवला 1856 मध्ये पहिली कापडगिरणी सुरू झाली, तेव्हापासून साठेक वर्षं मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालल्या. बॉयलरच्या तोंडाशी फावड्याने कोळसा लोटणाऱ्याला आणि चाळीच्या दोरीवरच्या कपड्यांची काजळी झटकणाऱ्या बाईला धूर नकोसाच होता, पण महापालिकेतलं मत कर भरणाऱ्यांपुरतं होतं. 1912 मध्ये धुराविरुद्ध कायदा झाला. त्याचा रोख धुराच्या काळेपणावर होता. भट्टी नीट पेटवली की धूर विरळ होई, कोळसा मात्र जळतच राही. तो खऱ्या अर्थाने कमी झाला 1915 नंतर, टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातली वीज गिरण्यांना मिळू लागली तेव्हा.

यात राजकारण कुठे आलं, बंगालच्या कोळशापेक्षा पाण्याची वीज स्वस्त पडली एवढंच, असं कुणी म्हणेल. हिशेब खरा आहे. पण ती स्वस्ताई कशी जमली तेही पाहायला हवं. धरणासाठी लागणारी जमीन मालकाची मर्जी सांभाळून घ्यावी लागली असती, तर हा हिशेब वेगळा झाला असता. टाटांच्या पुढच्या वीजप्रकल्पासाठी पुण्याजवळच्या मुळशी खोऱ्यात सरकारने 1894 च्या भूसंपादन कायद्याचा बडगा उगारला आणि एका खासगी कंपनीचं धरण सार्वजनिक काम ठरलं. भाताची खाचरं आणि पिढ्यान्‌पिढ्यांची घरं पाण्याखाली जाणार म्हणून 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह मांडला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. लढ्याचे नेते सेनापती बापट तुरुंगात गेले. पण खोऱ्यातली बरीच जमीन पुण्याच्या सावकारांकडे होती. त्यांनी मोबदला पत्करला आणि कसणारी कुळं एकटी पडली. मला वाटतं, लढा खरा तिथेच हरला.

त्या काळी कार्बनचा विचार कोण करत होतं, हा आक्षेपही रास्त आहे. पण हेतू काहीही असो, न जळलेल्या कोळशाचा वायू हवेत जात नाही. मात्र गिरण्यांच्या घटलेल्या धुराचं श्रेय एकट्या कंपनीच्या दूरदृष्टीला देणं मला मान्य नाही. कोणाचं ऐकायचं आणि कोणाची जमीन घ्यायची, हे सरकारदरबारी ठरलं, म्हणून तो घटला. मुळशीचं पाणी 1927 पासून घाटाखाली भिऱ्याच्या केंद्रात वीज करून कोकणात उतरतं आहे, आणि ते पुण्याकडे वळवावं ही मागणी अजून सुरूच आहे.