गुराब आणि गलबत : कोकणी सागरी लढाईची कुळकथा

हर्णैसमोर पाण्यात उभा असलेला सुवर्णदुर्ग पाहिला की मराठ्यांची सागरी लढाई अशी का घडली, ते उमगतं. खाड्यांची तोंडं उथळ, पाण्याखाली खडक आणि टप्प्याटप्प्यावर किल्ले. खोल बुडाची विलायती जहाजं इथे आत शिरायला कचरत. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीला जहाजं बांधायला घेतली ती या किनाऱ्याला साजेशी, आणि कान्होजी आंग्र्यांनी त्यांच्यावर लढाईची एक पक्की रीत बसवली.

या रीतीतली जहाजं दोन : गुराब आणि गलबत. गुराब उथळ बुडाची, मधे रुंद, पुढे निमुळती. नाळेवर दोन मोठ्या तोफा, तोंडं थेट समोर. तीन डोलकाठ्यांची गुराब साधारण ३०० टनांची. गलबत त्याहून बरंच लहान, पण त्याला ४०-५० वल्ही.

युरोपीय जहाजाचं बळ त्याच्या दोन्ही कुशींतल्या तोफांत. मागची बाजू मात्र उघडी. वारा पडला की ते जागीच अडकायचं. तेव्हा गलबतं दोर बांधून गुराबांना वल्ह्यांच्या जोरावर ओढत थेट त्याच्या पाठीमागे नेत. आधी डोलकाठ्या आणि शिडं फोडायची, मग गलबतांतून तलवारी घेऊन वर चढायचं. डाव उलटला तर खाडीत, किल्ल्याच्या तोफांखाली. इंग्रजांनी याला चाचेगिरी म्हटलं. मला ही आपल्या पाण्याची जाण असलेल्या दर्यावर्दींची युद्धविद्या वाटते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनीही १९व्या शतकाच्या आरंभी मोठ्या युद्धनौकांऐवजी उथळ तोफनौकांवर किनारा राखायचं ठरवलं होतं. १८१२च्या युद्धात त्या तोकड्या पडल्या.

आंग्र्यांच्या रीतीचीही मर्यादा तीच : भर समुद्रात ती दुबळी. तरी तिचा घात झाला तो घरातल्या वैरामुळे. कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांना नमवण्यासाठी नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हात मिळवला. एप्रिल १७५५मध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले आणि आंग्र्यांचं आरमार तिथेच जळालं. पेशव्यांची ही घोडचूक होती, कारण पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीला धाक घालणारं दुसरं मराठी आरमार त्या तोडीचं नव्हतं.

विद्या मात्र लगेच मेली नाही. एप्रिल १७८३मध्ये पेशव्यांच्या पदरच्या आनंदराव धुळपांच्या आरमाराने याच किनाऱ्यावर कंपनीचं 'रेंजर' जहाज लढून पकडलं आणि विजयदुर्गाला नेलं.