सासूबाईंचं गंगावन



गेल्या वर्षी लेकीला डेंग्यू झाला. ताप उतरला, आम्ही हुश्श केलं, आणि दोन-अडीच महिन्यांनी तिचे केस गळायला लागले. फणीत, उशीवर, मोरीच्या जाळीत, जिथे बघावं तिथे केस. मोठ्या तापानंतर असं होतं, मुळं शाबूत आहेत, केस परत येतील, असं डॉक्टरांनी समजावलं. ते खरंच होतं. पण लग्न तीन महिन्यांवर आलं होतं. एका संध्याकाळी ती आरशासमोर बसून नुसती रडत होती. मला काही बोलता येईना.

दुसऱ्या दिवशी ती एक्स्टेन्शनचा डबा घेऊन आली. काळेभोर, गुळगुळीत, वीतभर रुंद पट्ट्या, वर क्लिपा. डब्यावर लिहिलं होतं, ‘शंभर टक्के मानवी केस’.

मी विचारलं, “कुणाचे?”

“आई, ते कुठे लिहिलेलं असतं का?” ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, “आणि हे धुवायचे कसे गं?”

दोन्ही प्रश्न तसे एकच आहेत, हे मला नंतर कळलं. केस कुणाचा आणि डोक्यावरून कसा उतरला, यावरच तो कसा धुवायचा ते ठरतं. तेच आज लिहिते आहे.

एक्स्टेन्शन हा शब्द नवा असला तरी वस्तू नवी नाही. आपल्याकडे तिला गंगावन म्हणतात. खोपा भरदार दिसावा, वेणी कमरेखाली उतरावी, मूद-राखडी-केतकीसारखे सोन्याचे दागिने पेलायला केसांना भार यावा, म्हणून बायका केसांत गंगावन गुंफत. खाली गोंडे लावलेलं सुताचं गंगावनही असे, पण खरं गंगावन केसांचंच. जुन्या मराठी कोशांत या शब्दाचा अर्थ बघाल तर चमरी गाईच्या शेपटीचे केस असा दिला आहे. चमरी म्हणजे याक. हिमालयातल्या, तिबेटातल्या जनावराची शेपटी व्यापाऱ्यांच्या हातून थेट आपल्या पणज्यांच्या अंबाड्यापर्यंत यायची. देवावर ढाळायच्या चवऱ्याही त्याच केसांच्या.

इथे आपल्याला थांबावंच लागतं. भगवंतांच्या आठ प्रातिहार्यांत चामर आहे, मंदिरात आपण चामर ढाळतो. पण ती शेपटी जिवंत जनावराचे केस कातरून मिळाली की मारलेल्या जनावराची, हे चवरीकडे बघून सांगता येत नाही. म्हणून आता पुष्कळ मंदिरांत सुताचे किंवा कृत्रिम धाग्याचे चामर आले आहेत. नवव्या शतकातल्या आचार्य गुणभद्रांनी, ज्यांनी गुरू जिनसेनांचं अपुरं राहिलेलं महापुराण पूर्ण केलं, ‘आत्मानुशासना’त या चमरीचाच दृष्टान्त दिला आहे. शिकाऱ्यांच्या भीतीने ती पळते, शेपटी वेलींत अडकते, आणि केस तुटतील या मोहाने ती जागीच उभी राहते. केस वाचतात, जीव जातो. माझ्या लेकीला मी हा दृष्टान्त सांगितला नाही. केस जाताना रडणाऱ्या मुलीला तो सांगायचा नसतो. पण माझ्या मनातून तो गेला नाही.

माणसाच्या केसांची गोष्ट याहून साधी असेल असं वाटतं. तशी ती नाही.

आपल्या नाशकात रामकुंडावर लोक श्रद्धेने क्षौर करतात. प्रयागला महाराष्ट्रातल्या सवाष्णी वेणीदान करतात, नवऱ्याच्या हातून वेणीचं टोक कापून संगमात सोडतात. हे दिलेले केस. पण याच महाराष्ट्रात, विशेषतः उच्चवर्णीय घरांत, नवरा गेला की बाईचे केस तिला न विचारता उतरवले जात. आठ-दहा वर्षांच्या पोरींचेसुद्धा. 1890 साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिक मंडळी जमली आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही असं त्यांनी ठरवलं. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला. मला या घटनेचं फार अप्रूप वाटतं. पोट ज्यावर चालतं त्या कामात हिंसा दिसली म्हणून ते नाकारणं सोपं नसतं.

गंमत अशी, की खऱ्या बायकांचे केस असे उतरत होते त्याच काळात रंगभूमीवर पुरुष नट टोप आणि गंगावन लावून नायिका होत होते. सिनेमातही तेच झालं. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हा तारामतीच्या कामाला बाई मिळेना. शेवटी उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. त्याच वर्षी फाळके नाशकात आले आणि ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई या मायलेकी पडद्यावर आल्या.

आता लेकीच्या डब्याकडे येते. आज जगात विकले जाणारे पुष्कळसे केस आपल्याच देशातून जातात आणि ते मुख्यतः दोन वाटांनी येतात. पहिली वाट देवस्थानांची. तिरुमलाला कल्याणकट्ट्यावर भाविक केस अर्पण करतात आणि देवस्थान त्यांचा लिलाव करतं. 2011 पासून तो ऑनलाइन होतो. हे केस एकाच डोक्यावरून एकदम उतरलेले असल्यामुळे सगळ्यांची मुळं एका बाजूला आणि टोकं एका बाजूला ठेवता येतात. बाजारात यांना ‘रेमी’ म्हणतात. हे महाग.

यांच्यावरूनही वाद झाला. 2004 च्या मे महिन्यात जेरुसलेममधल्या एका ज्येष्ठ ज्यू धर्मगुरूंनी निर्णय दिला, की हे केस मूर्तिपूजेत अर्पण केलेले आहेत, ते आपल्या बायकांना चालणार नाहीत. कर्मठ ज्यू घरांत लग्न झालेल्या बायका स्वतःचे केस झाकायला टोप लावतात. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनला बायकांनी हजारो रुपयांचे टोप रस्त्यावर आणून जाळले. त्यांचं कारण आपल्याला पटो न पटो, डोक्यावर घेतलेली वस्तू आली कुठून हे त्यांनी विचारलं. आपण अन्न शोधून घेतो, पाणी गाळून घेतो, आणि केसांचा डबा मात्र किंमत बघून घेतो.

दुसरी वाट आपल्या दारावरूनच जाते. “केसावर भांडीऽऽ” किंवा “केसावर फुगेऽऽ” ही हाळी ऐकली नाही असं नाशकातलं कुठलं जुनं वाडा-गल्ली-घर असेल? बायका विंचरताना गळालेल्या केसांची गुंडी करून भिंतीच्या फटीत खोचून ठेवत. फेरीवाली आली की त्या गुंड्या देऊन वाटी-चमचा घ्यायचा, पोरांनी फुगा. हे केस पुढे गोळा होत, सोडवले जात, लांबीप्रमाणे निवडले जात.

यात कुणाचं काही कापलं नाही, कुणाला दुखलं नाही. आपल्या मंदिराच्या भिंतीवर षट्लेश्येचं चित्र पाहिलंच असेल. जांभळाच्या झाडाखाली सहा जण. एक झाड मुळासकट तोडायला निघतो, दुसरा फांदी, तिसरा डहाळी, आणि शुक्ल लेश्येचा माणूस खाली पडलेली जांभळं तेवढी वेचतो. गळालेला केस म्हणजे ते पडलेलं जांभूळ.

पण धुवायला सगळ्यात अवघड हेच केस. केसावर खवल्यांसारखं बारीक आवरण असतं, आणि ती खवली मुळाकडून टोकाकडे वळलेली असतात. गुंडीतल्या केसांत कुणाचं मूळ वर, कुणाचं टोक वर. उलटसुलट खवली एकमेकांत अडकतात आणि पाणी लागलं की गुंता होतो. म्हणून कारखान्यात अशा केसांना आम्लात बुडवून खवली काढून टाकतात आणि वर सिलिकॉनचा लेप देतात. दुकानात तो डबा रेशमासारखा चमकतो. काही धुण्यांत लेप उतरतो आणि केस नारळाच्या काथ्यासारखे होतात. ग्राहकाला वाटतं, आपलं धुणं चुकलं.

हे सगळं मनात घोळत असतानाच मला सासूबाईंची ट्रंक आठवली. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. मलमलीच्या फडक्यात, कडुनिंबाच्या वाळक्या पानांसकट, त्यांचं गंगावन जसंच्या तसं होतं. काळं, थोडं पिंगट झालेलं, मध्ये चार-दोन पांढऱ्या तारा. मला आधी शंका आली, याकचं तर नसेल? पण ते केस राठ असतात, हे मऊ होते. मग आठवलं. त्या केसांची गुंडी फेरीवालीला कधीच देत नसत. कोनाड्यात एक कापडी पिशवी होती, त्यात साठवत. पुरेसे झाले की गंगावन करून देणाऱ्या एका बाईकडे नेत. ती प्रत्येक केसाची मुळं-टोकं जुळवून, दोऱ्याने बांधून देई. म्हणजे हे सगळे केस त्यांचेच. पांढऱ्या तारा नंतरच्या वर्षांतल्या.

त्यांचं गंगावन धुणं मी नवी सून असताना पाहिलं होतं. अष्टमी-चतुर्दशी सोडून दिवस निवडत. आधी कोरडंच, टोकाकडून वर सरकत, बोटांनी आणि मग रुंद दातांच्या फणीने सोडवत. ओलं करून मग गुंता काढला की केस तुटतो. गाळलेलं कोमट पाणी, त्यात शिकेकाई आणि थोडा रिठा उकळून गाळलेला. साबण कधीच नाही. साबणाने खवली उघडतात, शिकेकाई किंचित आंबट असल्याने ती मिटलेली राहतात, हे शास्त्र मी अलीकडे वाचलं. त्यांना हाताने ठाऊक होतं. बांधलेली बाजू वर धरायची, पाणी वरून खालीच सोडायचं, चोळायचं नाही, पिळायचं नाही. पंचात दाबून पाणी टिपायचं आणि सावलीत टांगायचं.

मी एकदा म्हटलं होतं, “आई, इतकं कशाला जपायचं? आपल्या डोक्यावरचे तर आपण खसाखसा धुतो.”

त्या म्हणाल्या, “डोक्यावरच्याला मूळ आहे. बिघडला तर दुसरा येईल. याला कोण देणार?”

इतकं खरं आहे ते. कापलेल्या केसाला डोक्याचं तेल मिळत नाही, तो वाढत नाही, भरून येत नाही. म्हणून आजच्या एक्स्टेन्शनलाही हेच नियम. रोज धुवायचं नाही, क्लिपवालं असेल तर पंधरा-वीस वेळा वापरल्यावर पुरे. सौम्य शाम्पू, टोकांना कंडिशनर, पण जोडाला नाही, विशेषतः डिंकाने चिकटवलेलं असेल तर तिथे तेल लागलं की पट्टी सुटते. ओल्या केसांनी झोपायचं नाही. शाम्पू घेताना त्यात प्राणिजन्य केराटिन-कोलॅजन तर नाही ना, ते आपण बघायचं. कृत्रिम केसांना गरम पाणी आणि इस्त्री चालत नाही. आणि कुठलंही असो, पूर्ण कोरडं झाल्याशिवाय बांधून ठेवायचं नाही. दमट केसांत कीड-बुरशी धरली की जीवोत्पत्ती, आणि मग ती साफ करण्यात हिंसा. आधीच काळजी घेतलेली बरी.

आपल्या मुनिराजांचा आणि आर्यिका माताजींचा केशलोच पाहिलेल्या बाईला यात नवल वाटणार नाही. दोन, तीन, फार तर चार महिन्यांनी, त्या दिवशी उपवास धरून, हाताला राख लावून ते केस उपटतात. वस्तरा मागायचा नाही, आणि वाढलेल्या केसांत जीव होऊ द्यायचे नाहीत. देहाचा मोह सोडण्याची ती परमावधी. पण सोडलेल्या केसांचाही अनादर नसतो. तीर्थंकरांनी दीक्षेच्या वेळी लोच केलेले केस इंद्र रत्नांच्या पेटीत घेऊन क्षीरसागरात सोडतो, असं पुराणांत आहे. आणि आदिनाथांच्या कितीतरी मूर्तींवर खांद्यावर रुळणाऱ्या जटा असतात, त्यांच्यावरून तर मूर्ती ओळखतात. आम्ही 2016 नंतर मांगीतुंगीला 108 फुटी ऋषभदेवांच्या दर्शनाला गेलो, तेव्हा सासूबाई खाली बसून कितीतरी वेळ वर बघत होत्या.

लेकीला मी ट्रंकेतलं गंगावन दाखवलं, कुणाचं आणि कसं जमवलेलं ते सांगितलं. डबा परत कर असं म्हटलं नाही. तिने आजीचं गंगावन नाकाशी धरलं, शिकेकाईचा वास अजून होता. लग्नाला, अंतरपाटाच्या वेळी, तिच्या विरळ केसांत तेच गुंफलं, वर शेवंतीची वेणी. संध्याकाळच्या स्वागत समारंभाला तिने डब्यातलं लावलं. कुणाला फरक कळला नाही.

मांडव उतरल्यावर मी दोन्ही धुतली. एकाच पद्धतीने, एकाच पाण्याने. डब्यातले केस कुणा बाईचे आहेत ते मला अजून ठाऊक नाही, पण ती कुणाची तरी आजी, कुणाची तरी लेक असणारच. दोन्ही गॅलरीत सावलीला शेजारी शेजारी टांगली होती. पूर्ण वाळायला दोन दिवस लागले.

लेकीचे स्वतःचे केस आता कानाखाली आले आहेत. फणीत गळालेले केस ती एका पिशवीत ठेवते, असं परवा फोनवर म्हणाली.