पार्मा दरबारची अक्षरे

इटलीतील पार्मा या लहानशा संस्थानाच्या ड्यूकाने १७६८ साली आपल्या दरबारी छापखान्याचा सारा कारभार २८ वर्षांच्या ज्या मुद्रकाच्या हवाली केला, तो जांबात्तिस्ता बोदोनी सालुत्सो गावच्या एका छापखानेवाल्याचा मुलगा होता आणि रोमच्या धर्मप्रसार मंडळाच्या मुद्रणालयात जुळारी म्हणून राबून आला होता. पौर्वात्य लिप्यांच्या खिळ्यांशी त्याचा परिचय तेथेच झाला. आपल्याला अगत्याची वाटेल अशी गोष्ट म्हणजे, त्याने ते स्थळ सोडल्यावर पाच वर्षांनी, १७७१ साली, देवनागरी लिपीची ओळख करून देणारे एक लॅटिन पुस्तक त्याच मुद्रणालयातून देवनागरी खिळ्यांसह बाहेर पडले. बर्मिंगहॅमच्या बास्करव्हिल या मुद्रकाची कीर्ती ऐकून बोदोनी इंग्लंडला जावयास निघाला होता, परंतु आजारपणाने तो बेत मोडला आणि पार्म्याचे भाग्य उजळले.

प्रारंभी त्याने पॅरिसच्या फूर्निएचे खिळे वापरले व त्यांच्याच वळणावर आपले ठसे कोरले. पुढे मात्र, मुद्रक फिर्मां दिदो पॅरिसमध्ये ज्या मार्गाने चालला होता त्याच मार्गाने, त्याचे अक्षर अधिकाधिक निर्मळ होत गेले. ज्यांनी बोरूने कित्ते गिरविले आहेत त्यांना हा पालट समजावून सांगण्याची गरज नाही. बोरूची रेघ जाड होते ती त्याच्या तिरक्या कापामुळे, आणि युरोपातील जुन्या मुद्राक्षरांतही रुंद लेखणीची तीच तिरपी चाल उतरली होती. बोदोनीने ती चाल मोडून अक्षर ताठ उभे केले, उभ्या रेघेला भरघोस अंग दिले, आडवी रेघ केसाइतकी बारीक केली, आणि अक्षराच्या पायाशी व माथ्याशी असणारी छोटी पट्टी सपाट व तलम ठेवली.

अशी रेघ टिकावयाची तर कागद गुळगुळीत, शाई गर्द आणि दाब नेमका हवा, आणि पृष्ठावर सढळ समास सोडण्याइतकी दानतही हवी. यांतले काहीच न सांभाळता पुढच्या मुद्रकांनी हे वळण खरबरीत कागदावर लहान आकारात छापले, तेव्हा बारीक रेघा तुटून अक्षरे लंगडी झाली. तो दोष अक्षराच्या माथी मारणे अन्यायाचे आहे, कारण त्याचे खरे स्थान ग्रंथाच्या मुखपृष्ठावर, मोठ्या आकारात, मोकळ्या जागेच्या मध्यभागी आहे. फ्रेंच कवी ब्वालो याच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावरील ओळींची मांडणी साधण्यास बोदोनीला सहा महिने लागले, असे स्तांदाल या फ्रेंच लेखकाने नमूद करून ठेवले आहे. आणि ज्याने ती पृष्ठे पाहिली आहेत, त्याला ही मुदत फार वाटणार नाही.

१७९१ साली ड्यूकाने त्याला स्वतःचा खासगी छापखाना चालविण्याची मुभा दिली, आणि १८०६ साली त्याने ख्रिस्ती प्रार्थना १५५ भाषांत छापून दाखविली. आपल्या सर्व अक्षरांचा नमुनाग्रंथ पुरा होण्याआधीच १८१३ साली त्याचा अंत झाला. त्याची पत्नी मार्गेरिता हिने ते काम अंगावर घेऊन १८१८ साली दोन खंडांत तडीस नेले. त्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर बोदोनीचे नाव मोठ्या अक्षरांत आहे; प्रकाशिकेच्या जागी तिने स्वतःचे नाव न घालता केवळ 'विधवा' एवढाच शब्द छापला आहे.