खिंडीकडून माथ्याकडे : प्रस्तावना

वर्षभरात किती माथे गाठले याची वही ठेवणारे डोंगरवेडे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. त्यांच्या वहीत कळसूबाई (१६४६ मीटर) असते, साल्हेर असतो, हरिश्चंद्रगड तर दोन-तीन वाटांनी असतो. विदर्भातला कुणी फार तर चिखलदऱ्याजवळचा वैराट त्यात घालतो. वाशीम जिल्ह्याचं नाव क्वचित. मग मानोरा तालुक्यातल्या इंझोरीत राहणाऱ्याने असं वर्ष काढायचं ठरवलं, तर त्याने चढायचं कशावर? या विषयात नव्याने येणाऱ्याला मी मुद्दाम याच प्रश्नापाशी आणतो, कारण माथा कशाला म्हणायचं हे सह्याद्रीत विचारावं लागत नाही आणि इथे विचारल्यावाचून पाऊल पुढे पडत नाही.

माथे मोजण्याच्या छंदाला शिस्त लावली ह्यू मन्रो या गृहस्थाने. स्कॉटलंडमधल्या तीन हजार फुटांवरच्या शिखरांची यादी त्याने १८९१ साली छापली. दहा वर्षांनी ए. ई. रॉबर्टसन नावाच्या पाद्र्याने त्यातली शिखरं चढून ती पुरी केली. मन्रो मात्र स्वतःची यादी संपवण्याआधीच, १९१९ साली, गेला. एकाच धारेवरचे दोन उंचवटे केव्हा दोन शिखरं मानायचे आणि केव्हा एक, याचा काटेकोर नियम त्याने सांगितला नव्हता. १९९२ साली ॲलन डॉसनने ब्रिटनमधल्या टेकड्यांसाठी वेगळी कसोटी वापरली. एकूण उंची कितीही असो, टेकडीचा उठाव १५० मीटर हवा. उठाव म्हणजे त्या माथ्यावरून त्याहून उंच जागी जाताना कमीत कमी जेवढं उतरावं लागतं तेवढं अंतर. शिखराची किंमत अशी त्याच्या खिंडीत ठरते.

आपल्याकडे डोंगरावरचं लेखन बहुतेक किल्ल्यांच्या बोटाला धरून आलं. गो. नी. दांडेकरांनी गडांची ओढ घराघरात नेली, ते ऋण मोठंच. पण आनंद पाळंद्यांच्या ‘डोंगरयात्रा’ने रांगा आणि घाटवाटा हाती दिल्या, आणि वऱ्हाडातल्या वाचकाला मला ती दृष्टी जास्त उपयोगाची वाटते. इथे रांग आहे, माथे नाहीत.

जुने लोक वऱ्हाडाचे दोन भाग करत. पूर्णेच्या खोऱ्याचा सखल पाईनघाट आणि त्याच्या दक्षिणेचा चढता बालाघाट. वाशीम बालाघाटावर आहे. अजिंठ्याची रांग इकडे येता येता पसरट होते. वीस मीटरच्या अंतराने समोच्च रेषा काढणाऱ्या सर्वेक्षण खात्याच्या नकाशावर कित्येक टेकड्या एक-दोन कड्यांत संपतात. डॉसनची कसोटी लावली तर वही कोरीच राहायची. पण नकाशात उंचीचे आकडे सोडून नाले पाहा. काटेपूर्णा याच जिल्ह्यात उगवते, उत्तरेला पूर्णेकडे जाते आणि तापीतून अरबी समुद्राला मिळते. मानोऱ्याकडचं पाणी अडाण-अरुणावतीतून पैनगंगेत, तिथून वर्धा, प्राणहिता, गोदावरी करत बंगालच्या उपसागरात जातं. या दोन पाण्यांमधली पाणलोटाची रेषा म्हणजेच इथली धार. ती कधी मुरमाड बरडावरून जाते, कधी थेट कुणाच्या तुरीतून. वर्षभर ती तुकड्यातुकड्याने चालणं हे कळसूबाईच्या लोखंडी शिड्या चढण्यापेक्षा सोपं आहे, असं मला वाटत नाही.

तिचं वेळापत्रकही वेगळं. सह्याद्रीत पावसाळा म्हणजे पर्वणी. इथल्या काळ्या मातीत तेव्हा दहा पावलांत बुटाला शेर-शेर चिखल लागतो. खरा हंगाम सोयाबीन निघाल्यावर सुरू होतो आणि पळस फुलून गेला की आवरायचा. उभ्या पिकातून जाऊ नये. आधीच रोही आणि रानडुकरांनी शेतकरी जेरीस आलेला असतो.

या मुलखाचे सगळ्यांत जुने जाणकार गिर्यारोहक नव्हतेच. पोहरादेवी याच तालुक्यात आहे आणि आजूबाजूला बंजाऱ्यांचे तांडे आहेत. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून लमाण देशभर हिंडले. त्यांना माथा नको होता, लादलेला बैल चढेल अशी सगळ्यांत कमी उंचीची खिंड हवी होती. उठाव मोजणारा अभ्यासक नकाशावर शोधतो तीच जागा. म्हणून नकाशा घेऊन आधी तांड्यावरच्या म्हाताऱ्यांकडे बसावं. टेकडीचं नाव विचारावं, बैल कुठून चढवायचे ते विचारावं, आणि अभयारण्याची हद्द लागत असेल तर वनखात्याची परवानगी काढून मग निघावं.