गॅसबत्तीचे मेंटल आणि ट्रॉम्बे

वीज पोहोचण्यापूर्वी लातूर जिल्ह्यातील किल्लारीसारख्या गावांत वरात, भजन, तमाशाचा फड उजळत असे तो गॅसबत्तीने. आजचा धागा तिच्या काचेआडच्या मेंटलविषयी. वस्तू मुठीएवढी, पण तिच्यामागे त्रावणकोरच्या वाळूचे राजकारण आहे आणि आपले ट्रॉम्बेही.

नवे मेंटल म्हणजे क्षारांच्या द्रावणात भिजवून वाळवलेली कापडी पिशवी. प्रथम पेटवताच कापड जळून जाते आणि ऑक्साइडचा सांगाडा उरतो. बोट लागले की त्याचे पीठ होते; ज्योतीत मात्र तो रात्रीमागून रात्री टिकतो. हे कसे?

ऑस्ट्रियन रसायनज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख याने १८८५ साली पहिल्या मेंटलचे पेटंट घेतले. त्यात मॅग्नेशियमबरोबर लँथनम आणि इट्रियम या दुर्मिळ मृदा धातूंची ऑक्साइडे होती. प्रकाश हिरवट पडे, मेंटल लवकर ढासळे. लँथनम ऑक्साइडची एक खोड अशी, की ते हवेतील ओल शोषून हायड्रॉक्साइड बनते आणि भुसभुशीत होते. धंदा बसला.

१८९१ साली त्याला नेमके मिश्रण सापडले: ९९ टक्के थोरियम ऑक्साइड, १ टक्का सेरियम ऑक्साइड. थोरियमने ऑक्सिजनला इतके घट्ट धरलेले असते, की ज्योत तो हिरावू शकत नाही. हे ऑक्साइड वितळते ३,३०० अंश सेल्सिअसच्याही वर. दोन्ही ऑक्साइडांची स्फटिकरचना एकच, फ्लोराइटसारखी. म्हणून सेरियमचे अणू थोरियमच्या जागी सहज बसतात. एकटे थोरियम ऑक्साइड तापते, पण मंद उजळते. प्रकाश देते ते चिमूटभर सेरियम. ते वाढवले तर उष्णता अदृश्य किरणांतून वाहून जाते आणि मेंटल थंडावते. हे प्रमाण कोणत्याही सूत्रातून नव्हे, प्रयोगांच्या चिकाटीतून हाती आले, हे मला विशेष वाटते.

एवढे थोरियम आणायचे कोठून? १९०९ साली शोंबर्ग या जर्मन रसायनज्ञाला त्रावणकोरच्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट आढळले. मग मनवलकुरिचीची वाळू जहाजे भरून युरोपला जाऊ लागली. पहिल्या महायुद्धात जर्मनांचा ताबा सुटला आणि ब्रिटिशांचा बसला. वाळू आपली, मेंटल त्यांचे.

अणुयुगाने या वाळूचा भाव बदलला, कारण थोरियमपासून अणुइंधन घडवता येते. स्वातंत्र्यानंतर कच्च्या मोनाझाइटची निर्यात रोखण्यात आली. १९५० साली इंडियन रेअर अर्थ्‌स ही कंपनी स्थापन झाली, १९५२ साली केरळात आलुवा येथे मोनाझाइटवर प्रक्रिया सुरू झाली आणि १९५५ साली ट्रॉम्बे येथे थोरियमचा कारखाना उभा राहिला. तेथील थोरियम नायट्रेट जाई ते प्रामुख्याने मेंटल बनवणाऱ्यांकडे! होमी भाभांच्या अणुकार्यक्रमाच्या आरंभी थोरियमचे गिऱ्हाईक होती ती गावाकडची गॅसबत्ती. ट्रॉम्बेतच पुढे थोरियम ऑक्साइडवर सायरस अणुभट्टीत न्यूट्रॉनांचा मारा करून युरेनियम-२३३ मिळवण्यात आले. १९८४ सालची पूर्णिमा-२ ही अणुभट्टी याच इंधनावर चालली.

थोरियम किरणोत्सारी आहे. मेंटलमधील मात्रा अल्प असली तरी फुटलेल्या मेंटलची धूळ श्वासावाटे आत जाऊ नये. म्हणूनच अनेक देशांतील उत्पादकांनी थोरियम वगळले आणि त्याजागी घेतले इट्रियम, म्हणजे आउअरच्या पहिल्या, फसलेल्या मेंटलमधला एक घटक. त्याचा उजेड मात्र थोरियमएवढा पडत नाही.