पिंपरीचं विरजण

दही लावायला शेजारून विरजण आणता येतं, दही लावण्याचा हात आणता येत नाही. दूध किती कोमट असावं, भांडं कुठे ठेवावं, थंडीत काय करावं, हे सगळं दोन-चार वेळा दूध नासल्यावरच कळतं. तंत्रज्ञान हस्तांतरण हा जड शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मला हेच आठवलं. मग लक्षात आलं की लहानपणी ज्या भिंतीशेजारून मी शाळेत जायचो, तिच्यापलीकडेही हीच गोष्ट घडली होती. ती भिंत होती पिंपरीच्या एच.ए. कंपनीची, म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची.

गोष्ट सुरू होते ऑक्सफर्डमध्ये. फ्लेमिंगला पेनिसिलिन दिसलं 1928 मध्ये, पण त्याचं औषध करून दाखवलं ते फ्लोरी, चेन आणि हीटली यांच्या गटाने. 1940 मध्ये जर्मन सैन्य इंग्लंडवर उतरेल अशी धास्ती होती. प्रयोगशाळा जाळून पळायची वेळ आली तर बुरशी वाचावी म्हणून या लोकांनी तिचे बीजाणू आपल्या कोटांच्या अस्तरात चोळून ठेवले. पुढच्या वर्षी फ्लोरी आणि हीटली अमेरिकेत पिओरियाच्या सरकारी कृषी प्रयोगशाळेत गेले. मक्यापासून स्टार्च काढताना जे दाट, आंबट पाणी उरतं, ते बुरशीला घातल्यावर उत्पादन कितीतरी पटींनी वाढलं. उथळ भांड्यांऐवजी खोल टाक्यांत बुरशी वाढवायची रीतही तिथेच बसली. 1943 मध्ये पिओरियाच्या बाजारातल्या एका बुरसटलेल्या खरबुजावर त्याहून सरस जात मिळाली.

ऑक्सफर्डच्या गटाने पेटंट घेतलं नव्हतं. पिओरियात हीटलीसोबत काम करणाऱ्या अँड्र्यू मॉयरने मात्र उत्पादनाच्या पद्धतीचं पेटंट ब्रिटनमध्ये स्वतःच्या नावावर घेतलं. ज्ञान देणाऱ्याला ते परत घेताना किंमत मोजावी लागते, हा धडा तिथपासूनचा आहे.

भारत स्वतंत्र झाला तेव्हा पेनिसिलिन आयात व्हायचं. ते इथेच बनवायचं ठरलं. युनिसेफने यंत्रसामग्री दिली, जागतिक आरोग्य संघटनेने तज्ज्ञ दिले, जागा ठरली पिंपरी. 1954 मध्ये कंपनी स्थापन झाली आणि 1955 मध्ये उत्पादन सुरू झालं. औषधनिर्मितीतला हा देशातला पहिला सरकारी उद्योग.

टाक्या जहाजातून आल्या, पण त्या चालवणं हे वेगळंच प्रकरण होतं. बुरशीला सतत हवा लागते आणि ती हवा पूर्ण निर्जंतुक लागते. ढवळणं थांबलं की ती गुदमरते, तापमान वर गेलं की उत्पादन घसरतं. एखादा चुकार जीवाणू आत शिरला तर तो पेनिसिलिनच खाऊन टाकणारं एन्झाइम सोडतो आणि टाकीभर माल गटारात जातो. हे सगळं हाताखाली काम करूनच शिकावं लागतं.

पिंपरीकर शिकले, हे मी कशावरून म्हणतो? एका नावावरून. साठच्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथेच बुरशीजन्य आजारांवरचं हॅमायसिन शोधलं. ते बनवणाऱ्या सूक्ष्मजीवाचं शास्त्रीय नाव आहे स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. आमच्या गावाचं नाव विज्ञानाच्या वहीत गेलं! उसन्या विरजणावर शिकलेल्या घराने आता स्वतःचं विरजण शोधलं होतं.

पुढे सोव्हिएत मदतीने 1961 मध्ये आयडीपीएल ही दुसरी सरकारी औषध कंपनी उभी राहिली. 1970 च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवरचं पेटंट काढून फक्त बनवण्याच्या पद्धतीवर ठेवलं, त्यामुळे तेच औषध दुसऱ्या रीतीने बनवायची वाट खुली झाली. त्या वाटेवरून चालायला माणसं तयार होतीच. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पीएचडी केलेले अंजी रेड्डी आयडीपीएलमध्ये काम करून बाहेर पडले आणि 1984 मध्ये त्यांनी डॉ. रेड्डीज सुरू केली. आज आपण जगाला स्वस्त गोळ्या पुरवतो, त्यामागे माणसांची ही ये-जा आहे.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण 1991 नंतर आयात खुली झाली. चीनमधल्या प्रचंड कारखान्यांचं पेनिसिलिन इतकं स्वस्त पडू लागलं की इथे बनवणं परवडेना. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एच.ए. आजारी उद्योगांच्या यादीत गेली. एकेक करत देशातल्या पेनिसिलिनच्या टाक्या थंडावल्या. घसा दुखला की तुम्ही-आम्ही जी अमॉक्सिसिलिनची कॅप्सूल घेतो, तिचा मूळ कच्चा माल पेनिसिलिन जी. ती कॅप्सूल इथे भरली जायची, पण कच्चा माल यायचा मुख्यतः चीनमधून.

2020 मध्ये कोरोनाने पुरवठ्याच्या साखळ्या हलवल्या, तेव्हा सरकारला याची टोचणी लागली. कच्च्या औषधांसाठी प्रोत्साहन योजना आली, तिच्या यादीत पेनिसिलिन जी होतं. 2024 मध्ये आंध्रात काकिनाडाजवळ त्याचं उत्पादन सुरू झालं. जे पिंपरीत 1955 मध्ये जमलं होतं, ते जवळपास सत्तर वर्षांनी पुन्हा जमवावं लागलं.

तंत्रज्ञान आणणं म्हणजे विकास, असं आपल्याला शिकवलं जातं. मला ते अर्धंच खरं वाटतं. विरजण रोज लावलं तरच टिकतं. चार दिवस दही लावलं नाही की पुन्हा वाटी घेऊन शेजारी जावं लागतं, आणि शेजारी दर वेळी वाटी भरून देईलच असं नाही.