माळवाटेचा जॉन

साल 1371. यॉर्कशरच्या पश्चिमेला, काल्डर नदीच्या खोऱ्यात तुम्ही एका उतारावर उभे आहात आणि पाऊस थांबायचं नाव घेत नाही. गावाचं नाव वॉर्ली. (मुंबईच्या वरळीशी त्याचं काही नातं नाही, कानाला तेवढं जवळचं वाटतं.) खाली नदीकाठी दलदल आणि दाट झाडी, म्हणून घरं, शेतं, वाटा सगळं डोंगराच्या मधल्या टप्प्यावर. वर ढगात बुडालेला माळ: काळी, पाणी धरून बसलेली जमीन, हेदरची झुडपं आणि चरणारी जनावरं. माळ साऱ्या गावाचा. गुरं तिकडे हाकत न्यायला एक वाट पडली आहे. त्या वाटेलगत कुणाच्या तरी पणजोबांनी झाडं तोडून, मुळं उपटून, दगड कडेला रचून ओटचं शेत काढलंय.

हे शेत कुठलं, असं इथल्या माणसाला विचारा. तो एका दमात सांगेल: मोरगेटरॉइड. ‘मोर’ म्हणजे तो वरचा माळ. ‘गेट’ ऐकून फाटक शोधू नका, ते सापडणार नाही. काही शतकांपूर्वी समुद्रापलीकडून आलेल्या डेन लोकांनी ‘गाता’ म्हणजे वाट हा शब्द आणला आणि तो या मातीत मुरला. यॉर्क शहरातलं कॉपरगेट किंवा मिकलगेट हेही रस्तेच. आणि ‘रॉइड’ म्हणजे रान तोडून काढलेली जमीन. हा शेवटचा शब्द खास या खोऱ्यातला.

शेतावर जॉन राहतो. घरी आणि बांधावर तो नुसता जॉन, फार तर अमक्याचा जॉन. पण आज त्याला वॉर्लीचा कॉन्स्टेबल नेमताहेत. मानाचं म्हणावं तर पगार नाही, आणि नको म्हणावं तर सुटका नाही. भांडणं मिटवायची, चोर धरायचा, आणि शेजाऱ्यांचे शिव्याशाप पदरात घ्यायचे. कारकून वही उघडतो. त्याच्या वहीत जॉन नावाची माणसं पैशाला पासरी. तो लॅटिनमध्ये लिहितो: योहान्नेस दे मोरगेटरॉइड. हा ‘दे’ आपल्या ‘कर’सारखाच. गावात राहणाऱ्याला तो कधी लागत नाही. तो लागतो वही घेऊन आलेल्या परक्याला.

आठ वर्षं पुढे सरका. 1379. राजाला फ्रान्सशी लढायला पैसा हवा आहे, म्हणून डोईपट्टी बसली आहे: साध्या माणसाला चार पेन्स, नवरा-बायको मिळून तेवढेच. यादी करायची तर प्रत्येक जॉन वेगळा ओळखू आला पाहिजे. माझ्या मते आडनावं पक्की करण्यात घराण्याच्या अभिमानापेक्षा अशा याद्यांचा हात मोठा आहे. या परिसरात रॉइडवाले ढिगाने आहेत. ओकच्या रानातला ऍक्रॉइड, खोलगट जागेतला होलरॉइड, आणि पुढे ब्रिटिश संसदेच्या सभापती झालेल्या बेटी बूथरॉइड यांचे पूर्वज. मायथमरॉइड तर गावच राहिलं. 1930मध्ये कवी टेड ह्यूज तिथे जन्मले. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगने आपल्या गोष्टींतल्या यॉर्कशरच्या शिपायाला लीरॉइड नाव दिलं, ते उगाच नव्हे. नाव ऐकताच मुलूख कळतो.

आता 1642. डोंगर ओलांडून एअर नदीच्या खोऱ्यात, कीथलीजवळ ईस्ट रिडल्सडेन हॉलच्या अंगणात या. गवंड्यांच्या छिन्न्या चालू आहेत. मालक जेम्स मर्गट्रॉइड (मोरगेटरॉइडच आता घासून असं झालंय), वॉर्लीकडचा कापडवाला. लोकरीच्या पैशावर त्याने ही हवेली विकत घेतली आहे. देशात राजा आणि संसद यांच्यात युद्ध पेटतंय, आणि हा गडी दगडावर फ्रेंचमध्ये राजाच्या जयजयकाराची अक्षरं कोरून घेतो. धाडस म्हणा, नाहीतर नव्या श्रीमंताची मिजास म्हणा. याच्या पुढच्या पिढ्यांची वर्तणूक इतकी वाईट, की लाजेने एअर नदीने आपला प्रवाह बदलला, असं तिथली दंतकथा सांगते. आपल्याला लागते ती गोष्ट निराळी: जेम्सला आता कुणी माळवाटेचा म्हणत नाही. वाट डोंगरापलीकडे राहिली, नाव तेवढं बरोबर आलं.

22 जानेवारी 1887, लंडन. सॅव्हॉय थिएटर विजेच्या दिव्यांनी लखलखतंय, गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या नव्या संगीतिकेचा पहिला प्रयोग आहे. शाप लागलेलं सरदार घराणं, रोज एक गुन्हा केला नाही तर तडफडून मरण, आणि तसबिरींच्या चौकटींतून खाली उतरणारे पूर्वज. घराण्याचं नाव मर्गट्रॉइड. कथा घडते दूर कॉर्नवॉलमध्ये, म्हणजे मूळ जागेशी संबंध शून्य. गिल्बर्टला हवा होता तो नावाचा खडखडाट, असं मला वाटतं. मग शेत कुठलं, याची पंचाईत कोण करतो? 1950मध्ये अगाथा क्रिस्टीने एका कादंबरीतल्या गोंधळ्या बाईला हेच आडनाव दिलं. पुढे अमेरिकन कार्टूनमधला गुलाबी प्यूमा स्नॅगलपस दचकला, की याच नावाने देवाचा धावा करू लागला. तिथली पोरं खिदळत.

शेवटी चेशरमधल्या मिडलविचला चला. रोमन काळापासून मिठाचं गाव. 1889मध्ये इथे हाताने विहीर खणली, जमिनीखालचं खारं पाणी उपसून मीठ करायला, आणि कारखान्याला मालकाचं आडनाव मिळालं: मर्गट्रॉइड. उपसा 1977पर्यंत चालला. आज त्या विहिरीची जागा संरक्षित स्मारक आहे. माणसाला चिकटलेलं शेताचं नाव इथे पुन्हा जागेला लागलंय, फक्त जवळपास माळही नाही आणि रान तोडणारा जॉनही नाही.